बक्षिसाचा गोऱ्हा आणि पुंजाजींची साक्ष

बक्षिसे आणि स्पर्धा यांवरून उद्भवलेल्या दाव्यांवर भाष्य करताना आपण पक्षकारांची नावे देतो, कायद्याचा मुद्दा मांडतो, निकाल सांगतो आणि पुढच्या दाव्याकडे वळतो. अमरावतीच्या दिवाणी न्यायालयातील एका दाव्यावर लिहिताना मीही तेच केले. निकालाचा मुख्य आधार ‘प्रतिवादी क्रमांक दोनची कबुली’ एवढ्या शब्दांत आटोपला. ती कबुली देणाऱ्या पुंजाजी गवई यांना भाष्यात जागा नव्हती. ती येथे देतो.

पुंजाजी चांदूर बाजारच्या बाजूला थोड्या ओलिताच्या शेतीत वांगी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतात. पंचक्रोशीत त्यांचे नाव झाले ते मात्र बैलजोडीमुळे. शंकरपटात छकड्याला जुंपलेली जोडी सरळ पट्ट्यावर पळवली जाते आणि कमीत कमी वेळ घेणारी जोडी जिंकते. जोडी हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. बक्षीस मालकाच्या नावाने पुकारावे आणि धुरकऱ्याच्या खांद्यावर शेला टाकावा, हा रिवाज कोणी लिहिलेला नाही आणि कोणी त्याविषयी शंकाही घेतलेली नव्हती.

पटांवरील बंदी उठल्यानंतर शेजारच्या गावातील समितीने महिलांचा पट भरवला. पत्रकात छापले होते: ‘प्रथम येणाऱ्या महिलेस एक गोऱ्हा.’ पुंजाजींच्या जोडीवर उभी राहिली कौशल्या, त्यांच्या जुन्या धुरकऱ्याची मुलगी. ती पहिली आली. मंचावरून नाव मात्र पुंजाजींचे पुकारले गेले. सवयीने ते उठले, गळ्यात हार घालून घेतला आणि गोऱ्ह्याचे दावे धरून घरी आले. कौशल्येला शेला मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या अंगणात उभी होती.

“बापू, गोऱ्हा माहा हाये.”

“बैल माहे, त गोऱ्हा तुहा कसा?”

“पत्रकात मालक लिहेल नाही. बाई लिहेल हाये.”

“मंग जाय कोर्टात.”

“तिले कोर्टाचा रस्ता दाखवू नका,” पुंजाजींच्या पत्नी केशरबाई आतून म्हणाल्या. “ते खरंच जाईन.”

ती खरेच गेली. समिती प्रतिवादी क्रमांक एक झाली आणि पुंजाजी क्रमांक दोन. निकाल लागेपर्यंत गोऱ्हा सुपूर्दनाम्यावर पुंजाजींकडेच राहावा, असा आदेश झाला. त्यांनी तो सांभाळायचा, विकायचा नाही. त्यामुळे एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. वादी दर आठवड्याला सरकी-ढेप घेऊन प्रतिवादीच्या गोठ्यात येऊ लागली.

“वादीनं प्रतिवादीच्या घरी येऊ नाही म्हन्ते वकील,” पुंजाजी ऐकवत.

“मी तुमच्या घरी कुठी आली? माह्या गोऱ्ह्यापाशी आली.”

“लय ढेप चारू नको. सुस्तावते जनावर.”

“मंग तुमी कमी चारा.”

केशरबाई दोघांनाही चहा देत.

दावा चालला आणि गोऱ्हा वाढला. याच काळात पुंजाजींच्या जोडीतील उजवा बैल वयामुळे पटातून उतरला. त्याच्या जागी त्यांनी हा गोऱ्हा जुंपून पाहिला, आणि डाव्या बैलाशी त्याचे पाऊल असे जुळले, की बऱ्याच वर्षांत तशी जोडी लागली नव्हती. दावा हरलो तर ही जोडी मोडणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मोडू नये असे त्यांना मनापासून वाटत होते, हेही त्यांनी मला नंतर न लपवता सांगितले.

समितीचा बचाव दुहेरी होता. शर्यत ही पैज, आणि पैजेचा करार कायद्याने निरर्थक. शिवाय बक्षीस मालकाचे, असा रिवाज. पुंजाजी पिंजऱ्यात आले. रिवाज आहे, असे त्यांनी सांगितले, आणि ते खरेच होते. मग समितीच्या वकिलांनी, आता काम झालेच अशा खात्रीने, विचारले, “म्हणजे त्या दिवशी जोडी कोणीही हाकली असती, तरी तुमचे बैल जिंकलेच असते?”



“नाही साहेब. डावा बैल अर्ध्या पटातून बाहीर निंगून राह्यला होता. इनं त्याले नुसत्या आवाजानं आत घेतलं. मी अस्तो, त हारलो अस्तो.”

“तुम्हाला एवढं विचारलं नव्हतं.”

“मंग अर्धं सांगू काय?”

मालकीविषयी त्यांनी कदाचित ताणून धरले असते. धावेविषयी खोटे बोलणे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

निकाल कौशल्येच्या बाजूने लागला. प्रेक्षकांसमोर जाहीर केलेले बक्षीस ही पैज नव्हे, कारण समितीला त्यात जिंकायचे-हरायचे काहीच नव्हते. आणि पत्रकातील स्पष्ट शब्दांपुढे रिवाज टिकत नाही. हा युक्तिवाद वकिलांचा. जिंकणारी ती ‘महिला’ केवळ बैलांमागे उभी नव्हती, हे मात्र पुंजाजींच्या तोंडून सिद्ध झाले. आम्ही भाष्यकार ज्याला तत्त्व म्हणतो, ते बहुधा अशाच कोणाच्या तरी पदरचे काही गेल्यावर हाती येते. त्याबद्दल आभार मानण्याची पद्धत आमच्या लेखनात नाही. ती असावी असे मला वाटते.

पुंजाजींनी आता बैल झालेला तो गोऱ्हा धुतला, शिंगे तेलाने पुसली आणि स्वतः दावे सोडले. केशरबाईंनी त्याला भाकर चारली. कौशल्या तो घेऊन गेली, आणि चार दिवसांनी परत आली.

“बापू, एकटा बैल घेऊन मी काय करू?”

“मी तरी काय करून राह्यलो?”

त्या हंगामात जोडी दोघांच्या नावाने पटात उतरली. धुरकरी कौशल्या. पट्ट्याच्या कडेला समितीतल्या एकाने टोमणा मारलाच: “काहून पुंजाजीबापू, कोर्टात हारले अन् तिच्याच संगं जोडी लावली?”

“हारलो कुठी?” पुंजाजी म्हणाले. “जज्जसाहेबानं तुमचं नाही आयकलं. माहंच आयकलं.”

पुढे कौशल्येने छकड्यावर पाय ठेवला होता. ते तिकडे पाहू लागले.