पत्र्याच्या भोंग्यातली गिटार

मला वरातींचा तिटकारा आहे. पण एका माणसासाठी मी गॅलरीत यायचो. जठारपेठेत आमच्या घरासमोर बँडवाल्यांचं दुकान आहे, त्यांच्यात तो गिटार वाजवतो. नाव कधी विचारलं नाही. बाकीचे जीव खाऊन वाजवत. हा तारा छेडल्या की लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडायचा आणि सूर जागीच मिटायचा. हातगाडीवरच्या पत्र्याच्या भोंग्यातून ती गिटार इतकी लखलखीत, सुटी यायची की म्हातारेसुद्धा खांदे उडवत.

यंदा बँडनं भोंगे विकून स्पीकरचे मोठाले बॉक्स घेतले. तेव्हापासून रोज दुपारी तो पायरीवर बसून बटणं फिरवतो. बास कमी करतो, इको बंद करतो, दोनदा वाजवतो आणि नाही अशी मान हलवतो.

काल मी म्हटलं, "छान तर वाजतंय."

"गोधडीत गुंडाळल्यावानी वाजून राह्यलं, भाऊ. अन् मालकाले काहून बोलू? भोंगे काढा म्हणून मीच त्याच्या मांगं लागलो होतो. मले वाटे, आपला हात साफ हाय, भोंगाच आवाज खराब करते."

तेवढ्यात भंगारवाल्याची गाडी आली. तिच्यावर बँडचाच जुना निळा भोंगा होता. "लोहा, प्लास्टिक, जुनी बॅटरी" यातलं अक्षर न् अक्षर सुटं ऐकू येत होतं.

त्यानं बॉक्स बंद केला. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो तिकडेच बघत राहिला. गिटार बाजूला पडली होती, आणि मांडीवर त्याचं उजवं मनगट तारा छेडल्यासारखं हलत होतं.