गुपित पाळणारे आजोबा

अमेरिकेत मी हट्टी माणसं पुष्कळ पाहिली, पण फ्लॅगस्टाफच्या आमच्या घरमालकांच्या पासंगाला पुरेल असा एकही भेटला नाही. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी रखडवत होतो. हे नावाहो, म्हणजे तिथल्या मूळच्या आदिवासी जमातीतले आजोबा वर एकटे, आम्ही नवराबायको खाली तळघरात. पहिल्याच दिवशी त्यांनी कागदपत्रं बाजूला सारून माझं कूळ विचारलं. त्यांच्यात ओळख सांगताना आईचं कूळ आधी. मी ऐटीत गोत्र सांगितलं. "हे वडलांचं. आईचं?" मला कुठलं येतंय! "म्हणजे तुला आईच नाही," असा निकाल देऊन ते मोकळे झाले आणि पुढे सहा महिने येणाऱ्याजाणाऱ्याला 'हा माझा आई नसलेला भाडेकरू' अशी माझी ओळख करून देत राहिले. माझी आई तिकडे साताऱ्यात चांगली ठणठणीत होती.

त्यांच्या घरात साबणाची वडी औषधालाही सापडायची नाही. केस धुवायचे ते युक्का नावाच्या झाडाच्या मुळीचा फेस काढून, आपल्या रिठ्यासारखा. आमच्या हिनं एकदा कौतुकानं चंदनाचा साबण दिला, तर त्यांनी तो चिमट्यात धरून अंगणात भिरकावला! ही रडायला लागली तेव्हा कुठे म्हातारा बोलला. लहानपणी सरकारी शाळेत पोरगं आपली भाषा बोललं की मास्तर त्याच्या तोंडात साबण कोंबायचे. "आणि मोठा झालो, तर तेच सरकार म्हणालं, आता बोल! रेडिओवर बोल!" जपानशी लढाई चालली होती आणि लष्कराचे निरोप नावाहो भाषेतून जायचे. रणगाड्याला कासव, हातबॉम्बला बटाटा, पाणबुडीला लोखंडी मासा. जपान्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. लढाई संपली आणि हुकूम आला, हे गुपित आहे, घरीदेखील बोलायचं नाही.

आता हुकूम पाळावा तो किती? या भल्या माणसानं गुपिताबरोबर भाषाच घराबाहेर ठेवली. मुलगी झाली, तिच्याशी फक्त इंग्रजी. "तिला भाषाच आली नाही तर गुपितही फुटणार नाही आणि तिच्या तोंडात कुणी साबणही घालणार नाही, असा हिशोब केला मी," ते म्हणाले. वीसेक वर्षांनी सरकारनं गुपित उघडं केलं, तोवर मुलगी मोठी होऊन बसली होती. आम्ही तिथे असतानाच त्यांना सरकारचं प्रमाणपत्र आलं. ते त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. "सगळं इंग्रजीत आहे," एवढंच म्हणाले आणि फ्रिजवर पिझ्झाच्या कूपनाशेजारी चिकटवून टाकलं. मला इतका संताप आला! त्या मास्तरांना कुणी जाब विचारला का?

दहा वर्षांच्या नातीला मात्र आजोबांचा एकदम पुळका आला, कारण शाळेत सांगायला तिला 'कोड' हवा होता. कासव, बटाटा, लोखंडी मासा तोंडपाठ करून ती वर्गात टाळ्या घेऊन आली. आजोबा हरखले. "आता 'भूक लागली' म्हणायला शीक." त्यावर ती म्हणाली, "पण दॅट्स नॉट कोड, ग्रँडपा!" आणि सायकल घेऊन पळाली.

ते गेले त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मेंदूला झटका येऊन ते दवाखान्यात होते आणि त्यात इंग्रजी पार पुसलं गेलं होतं. उरली होती ती फक्त लहानपणची भाषा. दुपारभर ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांची मुलगी हात धरून रडत होती, तिला वाटलं आशीर्वाद देताहेत. मला वाटलं, देवाचं नाव घेत असावेत. नातीनं आपल्याला येणारे सगळे शब्द म्हणून पाहिले, कासव, बटाटा, लोखंडी मासा. आजोबांनी डोळे मिटून घेतले आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. चारला पाळी बदलून एक नावाहो नर्स आली. दारातूनच तिनं ऐकलं आणि म्हणाली, "अहो, त्यांना थंडी वाजतेय!"

पांघरूण पायथ्याशीच घडी घालून ठेवलेलं होतं. मुलीनं ते घाईघाईनं गळ्यापर्यंत ओढलं. मला माझी लाज वाटली. नात त्या नर्सला सोडेना, ते वाक्य तिनं परत परत म्हणवून घेतलं. नवव्या-दहाव्या खेपेला तिला जमलं. मग ती आजोबांच्या कानाशी वाकून नीट, सावकाश म्हणाली, पण तोवर अंगात ऊब येऊन त्यांना झोप लागली होती.