शाळेच्या भिंतीवरचा पोळा

गावात बैल किती, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. एकही नाही. ट्रॅक्टर मात्र एकोणीस. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून तेच जातात. बोनेटवर झूल पांघरतात, बाया पुरणपोळीचा घास हेडलाइटपुढं धरतात आणि तो शेवटी कुत्र्याच्या नशिबी येतो. अशा या गावानं जाफराबादच्या ‘आठवणीतलं गाव’ स्पर्धेत नाव दिलं. शाळेची रस्त्याकडची भिंत चुन्यानं पांढरी झाली आणि मुख्याध्यापक शिवाजी सर तुळजाबाईच्या दारात येऊन उभे राहिले.

“आजी, जुनी शेती काढायची. मोट, खळं, पोळा. एकदम जुनं पाहिजे.”

दिवाळीला गावातल्या निम्म्या भिंती तुळजाबाईच्याच हातच्या असत. गेरू, चुना, कपड्याची नीळ आणि दातानं चावून मऊ केलेली बाभळीची काडी, एवढा तिचा संसार. तिला कलाकार कुणी म्हटलं नव्हतं. ‘तुळजे, जरा भिंतीचं बघून जा,’ एवढंच म्हणत. एरवी ती आढेवेढे घ्यायची, पण या वेळी लगेच हो म्हणाली. कारण तिच्या पोटात एक गोष्ट होती. तिचा नवरा वसंता बावीस वर्षं अप्पारावांकडं सालगडी होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली आणि त्याचा एक फोटो नाही. अप्पारावांच्या पोराच्या लग्नात फोटोवाला आला होता, त्यात बैलाचं अख्खं तोंड आलं आणि कासरा धरलेल्या वसंताचं नुसतं कोपर. तुळजाबाईला तो भिंतीवर उभा करायचा होता. बस, तेवढंच हवं होतं तिला.

मोट झाली, खळं झालं. तोवर गाव खुर्च्या घेऊन सल्ला द्यायला हजर. मच्छिंद्राच्या बापाकडं एक खोंड होतं आणि पेरणीला दुसरं शेजाऱ्याचं मागून आणावं लागे. तोच मच्छिंद्र आता म्हणाला, “तुळजाकाकी, आमच्या दोन जोड्या काढा. एक पांढरी, एक तांबडी.” त्याचं ऐकून बाकीच्यांनाही आपापल्या गोठ्यांची आठवण झाली. ज्यांच्या घरी शेळी नव्हती, त्यांच्याही दावणीला खिल्लारी आली. भिंतीवर इतके बैल झाले की त्यांना पुरेल एवढा कडबा गावात कधी पिकला नसता.

पोळा काढायची वेळ आली आणि खरी माशी शिंकली. तोरणाखालून पहिली जोडी कुणाची?

“मान आमचा,” ब्याऐंशीचे अप्पाराव काठी आपटत म्हणाले. “माझ्या आज्यापासून.”

“शेवटची दोन वर्षं मान आमच्याकडं आल्ता, अप्पा,” मच्छिंद्र म्हणाला. “तुम्ही इसरून राह्यले.”

पंचवीस वर्षांपूर्वीचं भांडण, आणि तेही मेलेल्या बैलांवरून. पण तरणीताठी माणसं सुद्धा बाह्या सरसावून आली. ग्रामपंचायतीत दोन तास बैठक चालली आणि ठराव झाला. माणसं काढायचीच नाहीत, माणसांमुळं भांडणं होतात. नुसते बैल काढायचे.

तुळजाबाईला रडू आलं नाही, संताप आला. “बैल काय आपले आपण चालत गेल्ते का?” तिनं विचारलं.

“आजी, ठराव झालाय,” सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

तिनं मुकाट्यानं काढलं. तोरणाखालून बैल निघाले. प्रत्येक जोडीचा कासरा पुढं ताणलेला, धरणारा कुणी नाही. पण भांडण मिटतंय कुठं? तुळजाबाईचे बैल सगळे एकाच घडणीचे. तिच्या आईनं तशीच वळणं शिकवलेली. पहिल्या जोडीपुढं अप्पाराव पाव्हण्यांना म्हणत, “हे आमचे.” ते घरी गेले की मच्छिंद्र त्याच पाव्हण्यांना म्हणे, “हे आमचे.” दोघंही बरोबर, कारण बैल काही बोलत नव्हते.

परीक्षक यायच्या आदल्या सकाळी अप्पाराव एकटेच शाळेकडं आले.

“तुळजे, वसंताला काढ.”

तिच्या हातातली काडी थांबली. “आन् ठराव?”

“ठराव गेला खड्ड्यात. वसंताच्या हाती कासरा दिसला की जोडी कोणाची हे शेंबडं पोर बी सांगल. आन् उजव्या हाताला तीनच बोटं काढ. बराबर तीन. सबंध तालुक्यात तसा दुसरा गडी न्हाई.”

उरलेली दोन बोटं अप्पारावांच्याच कडबा कुट्टीच्या यंत्रात गेली होती. हाताला फडकं गुंडाळून वसंतानं त्या दिवशी उरलेला कडबाही कापला होता, जनावरं उपाशी राहतील म्हणून. अप्पाराव ते विसरले नव्हते. फक्त त्यांना ती खूण वाटत होती, आपल्या मालावरची.

तुळजाबाईनं काडी गेरूत बुडवली. आधी तिनं पटका काढला, मग रुंद कपाळ, मग जरासे वाकलेले गुडघे. एव्हाना वास लागल्यासारखा मच्छिंद्रही आला होता. सर होते, चार बाया होत्या. शेवटी उजवा हात. एक बोट, दोन, तीन.

“बस,” अप्पाराव म्हणाले.

तिनं चौथं काढलं. काडी पुन्हा गेरूत बुडवली आणि पाचवं काढलं.

“अगं, तीन म्हन्लं न्हाई का मी?”

“पाच बोटं म्हंजे हा आमचा बी गडी असू शकतो, अप्पा,” मच्छिंद्र खूश होऊन म्हणाला.

“गप रे. तुळजे, पुस ती दोन. पाच बोटांच्या गड्याला वसंता कोण म्हणल?”

तुळजाबाईनं पदराला हात पुसले आणि पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

“जुनं काढ म्हन्ले ना तुमी? तुमची कुट्टी यायच्या आधी आमच्या मालकाला पाची बोटं व्हती, अप्पा.”