उजनीच्या बेटावर, सुरयीच्या अंड्यांपाशी

भावाचा कॅमेरा एका दिवसासाठी मिळाला, म्हणून आम्ही उजनी धरणाच्या पाण्यातलं बेट बघायला गेलो. खरं कारण हेच. पक्ष्यांची आवड आम्ही नंतर चिकटवली. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी बारामतीला शाळेत शिकवत होते आणि एप्रिलच्या परीक्षा नुकत्याच उरकल्या होत्या.

पहिल्या एसटीने भिगवण गाठलं. स्टँडवर भजी-चहा झाला. पुढे कुंभारगावला लवकर गाडी नव्हती, म्हणून दुधाच्या टेम्पोत कॅनला धरून उभे राहिलो. ह्यांची पांढरी पँट गावात पोचेपर्यंत पांढरी राहिली नाही. आता गाडी पार काठापर्यंत जाते म्हणतात. पाणी मात्र जास्तीचं घ्या, टोपी विसरू नका. बेटावर एक झाड नाही.

काठावर मासे धरणारे एक तात्या जाळं वाळत घालत होते. वीस रुपयांत न्यायला तयार झाले.

"निस्ती पाखरं बगायची? मासं न्हाय न्यायचं?" त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

वाटेत उथळ पाण्यात फ्लेमिंगो दिसले, शेकड्यांनी. ते उडाले आणि पंखांखालचा लाल रंग उघडा पडला. मी चक्क गप्प झाले. ह्यांच्या मते त्या दिवसाचं खरं नवल ते.

बेट म्हणजे पाणी उतरल्यावर वर आलेलं टेकाड. खडे, शिंपले, भेगाळलेला गाळ. उतरताच माझं पाऊल तीन अंड्यांवर पडता पडता राहिलं. मातकट, ठिपक्यांची, उघड्या खळग्यात ठेवलेली. डोक्यावर नदी सुरय ओरडत फिरू लागली: काळं डोकं, पिवळीजर्द चोच. मी वाकून अंड्यांचा फोटो घेतला. मग हाव सुटली. सुरय अंड्यांवर बसलेली हवी होती. चार पावलांवर मी ठाण मांडलं.

बराच वेळ गेला. तात्या जवळ आले.

"बाई, चला आता."

"दोनच मिनिटं, तात्या."

ते वाद घालत बसले नाहीत. "त्या दगडाला हात लावा," म्हणाले.

मी लावला आणि झटकन काढला.

"अंडी बी त्याच उन्हात हायती. ती पाण्यात पोट भिजवून येती अन् वर बसती. तुमी हितं हाय तवर ती यायची न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही होडी लांब नेली आणि वाट बघत राहिलो. सुरय घिरट्या घालत होती, उतरत नव्हती. आपण तीन जीव भाजून मारले, एवढंच माझ्या मनात येत होतं. ह्यांनी एकदाही चिडवलं नाही.

शेवटी ती पाण्यावर टेकली, पोट बुडवलं, उडाली आणि खळग्यात जाऊन बसली. "बसली," तात्या म्हणाले आणि वल्हं उचललं. परतल्यावर त्यांच्या घरी भाकरी आणि चिलापी माशाचं कालवण जेवलो. तसं कालवण मला पुन्हा मिळालं नाही.

रोल धुऊन आल्यावर फोटो बघून भाऊ वैतागला. "अंड्यांवर तुझीच सावली पडलीय. वाया घालवलास."

तो फोटो अजून अल्बममध्ये आहे. त्या दुपारी मी त्या अंड्यांना दिलेली तेवढीच सावली.