परागाने भरलेले गाल

त्या काळी मी बाजूने उभा राहिलो तर दिसत नसे. बँकेने कलकत्त्याला बदली केली, तिथल्या बेहाला भागात बिऱ्हाड थाटलं, पण बंगाली मिठायांनीही माझ्या अंगावर तोळाभर मांस चढेना! त्यातच धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, लग्न जमवायचं माझ्यावर आलं (वडील नव्हते). डमडमच्या एका मराठी इंजिनियरच्या घरचे रविवारी तिला बघायला येणार होते.

"मुलीचा भाऊ असा काटकुळा पाहिला तर म्हणतील, घराण्यातच काहीतरी दुखणं आहे!" मी म्हणालो.

"मग दूध प्या," बायको म्हणाली.

दूध कोणीही पितं! मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं, की मधमाश्या गोळा करतात तो पराग परदेशी पैलवान चमच्याने खातात. खालच्या मजल्यावरचे दत्तबाबू सुंदरबनच्या मधवाल्याकडून मध घेत. त्याच्याकडूनच मी परागाचे पिवळे दाणे मागवले. पहिल्याच चमच्याला शिंका सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी घसा खवखवू लागला.

"अहो, सोडा ते!"

"खवखवणारच! ताकद आत शिरतेय!"

शनिवारी आरशात पाहिलं. गाल होते तिथेच, म्हणजे आतच! मी हार मानणारा नव्हतो. रविवारी सकाळी तीन चमचे, शीग लावून, एकदम तोंडात टाकले.

थोड्याच वेळात ओठ चुरचुरले, कान तापले आणि गाल फुगायला लागले. फुगतच गेले!

"दादा... तूच आहेस ना?" कुसुम किंचाळली.

तिचा आवाज ऐकून दत्तबाबू धावत वर आले. "कुलकोर्नीबाबू! मौमाछि कामडेछे? माशी चावली?"

"नाही, मीच तिचं खाल्लं!" असं मी म्हणालो. (बाहेर पडलं ते "बीत तितं थाल्लं!")

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. "धोका टळला. सूज मात्र उद्यापर्यंत राहील."

"पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवू का?" बायकोने रडकुंडीला येऊन विचारलं. मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. कोट चढवला आणि खुर्चीत जाऊन बसलो तो बसलोच. पाहुणे काहीही विचारोत, मी नुसता "हूं" म्हणायचो. बाकीचं सगळं बायकोने सांभाळलं.

मुलाची आई माझ्याकडे कौतुकाने बघत होती. "भाऊ कसे भरदार आहेत! आणि बोलणं किती मोजकं!"

लग्न ठरलं.

मांडवात याच विहीणबाई माझ्या अंगावरून पुढे गेल्या आणि विचारू लागल्या, "नवरीचे भाऊ कुठे दिसत नाहीत?"

"मीच तो," मी म्हणालो.

"अगबाई! बहिणीच्या लग्नाचा इतका धसका घेतलात?" त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

पुढे कितीतरी दिवस त्या सुनेजवळ काळजीने चौकशी करत, "तुझ्या दादाची तब्येत पूर्ववत झाली का गं?"

कुसुम बिचारी खोटं बोलत नसे. "हो," ती सांगायची, "अगदी पूर्ववत!"