नुसतं फोनवर बोलणारे

हे मी वैशालीलाही सांगितलेलं नाही, आणि ती माझी बायको आहे. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

पत्रापासून सुरुवात करतो. ते सोपं आहे. इथे परदेशात, क्लेमेंटीतल्या आमच्या ब्लॉकच्या रहिवासी समितीने सरकारला एक सूचना पाठवायचं ठरवलं: आग विझवणाऱ्यांचं, ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांचं स्वतःचं घर असेल, तर त्यांना प्रॉपर्टी टॅक्समध्ये सवलत द्यावी. मसुदा माझ्याकडे होता. आमच्याच मजल्यावरची नूरैनी इमर्जन्सीचे फोन घेते. तिने एकटीने फ्लॅट घेतलाय. कुणीतरी म्हणालं, फोन घेणाऱ्यांचाही उल्लेख करा. मी म्हणालो, "ते तर एसीत बसून नुसतं फोनवर बोलतात." दोघं-तिघं हसले. फोन घेणाऱ्यांची ओळ गळली.

नूरैनी समोरच बसली होती. निघताना इथल्या ढंगात म्हणाली, "नेव्हर माइंड ला, अंकल."

मी असं का बोललो? ती त्या पत्रात यायला नको होती, तिच्या कामाबद्दल तिथे कुणी काही विचारायला नको होतं — म्हणून. काही महिन्यांपूर्वी लिफ्टची वाट बघताना तिने सहज सांगितलं होतं: कुणाचं हृदय बंद पडलं आणि फोनवरून छाती दाबायला सांगितलं, की आम्ही फोन करणाऱ्याला मोठ्याने मोजायला लावतो. खरंच दाबणाऱ्याचा श्वास आकड्यांच्या मध्ये तुटतो. नुसतं मोजणाऱ्याचा तुटत नाही. "वी कॅन हिअर, अंकल."

लिफ्ट आली. मी आत गेलो नाही.

काही वर्षांपूर्वी माझे सासरे, अण्णा, पुण्याहून आले होते. आमच्या हॉलमध्येच कोसळले. वैशाली मार्केटला गेली होती. मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पलीकडची बाई — नूरैनी होती की दुसरी कुणी, मला आजही माहीत नाही — म्हणाली, छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा, जोरात दाबा, माझ्याबरोबर मोजा. मी दाबलं. एकदाच. आत काहीतरी कटकन वाजलं, आणि मी हात काढून घेतले.

मग ते हात स्वतःच्या मांडीवर ठेवून मोजत राहिलो. वन, टू, थ्री, फोर. स्पष्ट, न अडखळता. ती म्हणत होती, "गुड, सर, डोन्ट स्टॉप." दारात ॲम्ब्युलन्सवाल्यांची पावलं वाजली तेव्हा हात पुन्हा अण्णांच्या छातीवर ठेवले.

दाबलं असतं तर ते वाचले असते का? या प्रश्नाच्या आड मी इतकी वर्षं उभा आहे.

अण्णांच्या तिथीला वैशाली जेवायला आलेल्यांना दरवेळी सांगते, "यांनी शेवटपर्यंत हात थांबवले नाहीत." मी पानाकडे बघत राहतो.

पत्र गेलं, ती ओळ नसलेलं. नूरैनी अजूनही माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवते. आता मी आत जातो, थँक यू म्हणतो, आणि मजला येईपर्यंत श्वास आवाज न करता घेतो.