कार्तिकातलं मीठ

पुतळीचा जन्म मिठागरात गेला. मीठ कधी पिकतं आणि कधी खपतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जिते गावाजवळ राहणारी ही बाई दर वैशाखात गाडीने रोह्याला जायची आणि ठरलेल्या घरी वर्षाचं मीठ घालून यायची. मीठ हातातून हातात द्यायचं नसतं, म्हणून तिला कुणी दारात थांबवत नसे. थेट स्वयंपाकघरात जाऊन बरणीत ओतायचं. मोरोपंत मास्तर आणि श्यामलाकाकूंच्या घरी तर तिचा मिथुन लहानपणापासून तिच्या मागोमाग आत जायचा आणि लाडू खाऊनच बाहेर पडायचा.

मोठा झाल्यावर मात्र पोराला मिठाची लाज वाटायला लागली. रामवाडीच्या नाक्यावर दोन थोराड टग्यांच्या बाइकवर बसून तो दिवस घालवायचा. पुतळीने बोलून बोलून तोंड दुखवून घेतलं. आणि कार्तिकातल्या एका सकाळी तोच म्हणाला, "आये, रोह्याला मीठ देऊन येतो. अर्धी गोण भर."

बाई हरखलीच. पोरगं मार्गाला लागलं! चांगलं पांढरंशुभ्र मीठ निवडून तिने स्वतः गोण भरली, स्वतः शिवली. वर्षाचं मीठ भरून बसलेली घरं कार्तिकात कशाला मीठ घेतील, एवढं साधं तिला सुचलं नाही. तिची अक्कल तेव्हा गवत खायला गेली होती, आणि पुढे हे ती स्वतःच कपाळ बडवून सांगायची.

भरदुपारी मिथुनने मास्तरांच्या दारात हाक मारली. काकूंनी दार उघडलं आणि त्याच्या पाठोपाठ ते दोघे टगे घुसले. मास्तर पैशांच्या कपाटाला पाठ लावून उभे राहिले. ढकलाढकलीत त्यांचं डोकं आपटलं, ते पुन्हा उठले नाहीत. मिथुनने त्यांना हात लावला नव्हता, पण मदतीला तो थांबलाही नव्हता; गोण तिथेच टाकून पळाला होता.

सतराव्या वर्षी त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला उभा राहिला. काकूंची नजर अधू, त्यांनी पोराला ओळखलं ते आवाजावरून. म्हणून मिथुनच्या वकिलाने पुतळीला पढवलं होतं: गोण माझी नाही, मुलगा दिवसभर घरीच होता. एवढं म्हटलं तर तो सुटण्याची आशा होती.

कोर्टात गोण समोर आली. "ओळखता?" सरकारी वकिलाने विचारलं.

पुतळीने मिथुनकडे पाहिलं, मग मास्तरांशिवाय बसलेल्या काकूंकडे. तिला खोटं रेटवेना.

"व्हय, माजीच हाय. मीच भरली. त्यो घरी नव्हता."

"आये!" मिथुन ओरडला. आपण पोराला आपल्या हाताने विहिरीत लोटलं, असं तिला वाटलं.

बाहेर व्हरांड्यात ती काकूंच्या पाया पडायला वाकली. काकूंनी तिचे दोन्ही हात धरले.

"बरणी काठोकाठ भरलेली होती गं, पुतळे. दारातूनच परत पाठवणार होते. पण म्हटलं, पोर पहिल्यांदाच एकटं आलंय, त्याला नाही कसं म्हणू?"